बिनतारीने जिम बदलली

केस कापायला बसलेली बाई डोकं देते, आणि डोक्याबरोबर तोंडही देऊन बसते. गळ्याभोवती प्लास्टिकचं कापड बांधलं, खुर्ची मागे कलली, टाळूवर कोमट पाणी पडलं, की भल्याभल्यांची जीभ सैल सुटते. नवऱ्याचं घोरणं, जावेचा खोटा दागिना, साहेबाची नको ती सलगी, सगळं बाहेर. समोर आरसा असतो ना, त्यामुळे सांगणारीला वाटतं आपण आपल्याशीच बोलतोय. मागे कात्री घेऊन कोण उभं आहे, याचा तिला विसर पडतो.

मागे उभी असायची बिनतारी.

हे नाव गिऱ्हाइकांनी ठेवलेलं. तोंडावर सगळ्या ताई म्हणायच्या आणि पायरी उतरल्या की बिनतारी. तिच्या पार्लरमध्ये सकाळी सांगितलेली गोष्ट दुपारी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात पोचलेली असे, आणि शाळा सुटेपर्यंत फाटकाशी अंगाने थोडी भरून उभी असे. काहींच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणतात. हिच्या तोंडात तो ओठावरूनच परत जायचा. पण दुष्टपणा म्हणाल तर नावाला नव्हता. कुणाचं दुःख ऐकलं की तिला खरोखर गलबलून यायचं, आणि गलबललेलं मन एकटीने वाहून नेणं तिला जमत नसे. चार जणींत वाटलं की हलकं व्हायचं.

धंद्यात मात्र पक्की. खुर्च्या दोनच, पण हात असा की पार दुसऱ्या टोकाच्या बायका तिच्याकडे यायच्या. गिऱ्हाईक तुटू द्यायचं नाही, हा तिचा बाणा. एखादी फणकारायची, "ताई, या खेपेला रंग काही बसला नाही. मी आता चौकातल्या नव्या पार्लरला जाऊन बघते."

"जा की, मी कुठं तुला बांधून ठेवलंय?" बिनतारी म्हणायची आणि म्हणता म्हणता तिला खांद्याला धरून खुर्चीत बसवायची. "पण आधी बस. तुझी टाळू किती नाजूक आहे ते मला ठाऊक. तिथली ती काल आलेली पोर तुझं डोकं भाजून ठेवील." मग दहा मिनिटं डोकं चोळायचं, वर चहा. फणकारा गार. बऱ्याच जणी जायचं म्हणून म्हणतच नसत, कुणी हात धरावा म्हणून म्हणत. बिनतारीला ते कळायचं, त्यांनाही कळायचं, आणि दोन्हीकडे मजा असायची. पार्लरमधली ही रीत साऱ्या जगात चालते अशी तिची समजूत होऊन बसली होती. पुढचा सगळा घोटाळा त्या समजुतीतून झाला.

तिला एक मुलगी. वय अकरा, अंगाने काडी, म्हणून बारकी. घरातलं बोलणं आईनेच वापरून संपवल्यामुळे पोरीच्या वाट्याला फारसं उरलं नव्हतं. त्यातून ती गेली होती बापावर. बाप लिफ्ट दुरुस्त करायचा, दिवसभर अंधाऱ्या विहिरीसारख्या जागेत एकटाच लोंबकळायचा, आणि घरी आल्यावर 'हं' आणि 'बरं' एवढ्या दोन शब्दांत संसार निभावून न्यायचा. ही दोघं बाप-लेक एका सोफ्यावर तासभर काही न बोलता बसू शकत. बिनतारी म्हणायची, "मी घरात आले की वाटतं कुणाच्या तरी समाचाराला आलेय."

तर ही बारकी जिम्नॅस्टिक्स करायची. छापखान्याच्या मागे एक पत्र्याची लांब शेड होती, तिथे बाईंची जिम. गाद्यांना जागोजाग चिकटपट्ट्या, बारला गंजाचा वास, आणि हाताला लावायची ती पांढरी पूड सगळ्या खिडक्यांवर अशी बसलेली की बारा महिने धुकं पडल्यासारखं वाटावं. बाईंचे गुडघे केव्हाच गेले होते. त्या बीमच्या, म्हणजे तोल सांभाळत चालायच्या उंच अरुंद फळीच्या, टोकाशी लोखंडी खुर्चीत बसायच्या आणि बोटाने शिकवायच्या. बोट वर, पाय वर. बोट थांबलं, श्वास थांबला. 'बरं आहे' ही त्यांच्याकडची सर्वांत मोठी शाबासकी. ती मिळालेली पोर आठवडाभर जमिनीला पाय लावत नसे.

आयांना आत मज्जाव. त्यांच्यासाठी दाराबाहेर एक बाकडं होतं. बिनतारी आली की त्या बाकड्याचं पार्लर व्हायचं, हे काय सांगायला हवं?

स्पर्धांचा मोसम सुरू झाला आणि बाईंनी संघ निवडला. चौघी खेळणार, पाचवी राखीव. पाचवी बारकी. चौथी जागा मिळाली दातांच्या डॉक्टरणीच्या लेकीला. दोन्ही पोरी एकाच ताकदीच्या, पण डॉक्टरणीची लेक वर्षाने मोठी. पहिल्या फेरीला बारकी संघाचं जाकीट घालून कडेला बसली. दुसऱ्या फेरीलाही. जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावलेली, हात मांडीखाली. त्या दोन्ही दिवशी बिनतारीने गॅलरीत बसून ओठ एवढे आवळले की शेजारणीला वाटलं, हिची दाढ दुखतेय.

दाढेचंच निघालं पुढे. दुसऱ्या दिवशी पार्लरमध्ये कुणाच्या तरी भुवया कोरता कोरता बिनतारी बोलून गेली, "चौथी जागा का नाही मिळणार तिच्या लेकीला? बाईंचे दात कोण बघतं? फुकटात कवळी बसली म्हणे."

बाईंना कवळी नव्हती. पण वाक्य इतकं झकास जमलं होतं की भुवयावालीला ते सोडवेना. दोन दिवसांत ते डॉक्टरणीच्या दवाखान्यात पोचलं आणि तिथून लोखंडी खुर्चीपर्यंत. बाईंनी बाकडं दारापासून उचलवून छापखान्याच्या भिंतीला नेऊन ठेववलं.

त्याच सुमारास जुन्या गोदामात नवी जिम निघाली. आत रंगीत स्पंजच्या ठोकळ्यांनी भरलेला भला मोठा खड्डा, हवं तिथून उडी मारा. वर काचेची गॅलरी, तिथे आयांना मऊ खुर्च्या आणि कॉफीचं यंत्र. तिथले सर तरुण, बूट पांढरेशुभ्र, बोलणं साखरेत घोळलेलं. बिनतारी 'सहज' बघायला गेली.

"हिला राखीव बसवलंय?" सरांनी बारकीची एक कोलांटी बघून कपाळाला हात लावला. "ताई, आमच्याकडे असती तर मी हिला पहिली चढवली असती."

बिनतारीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "मग पुढच्या फेरीला खेळेल ना ही तुमच्याकडून?"

"मध्येच जिम बदललेल्या मुलीला उरलेला मोसम खेळता येत नाही, असा एक नियम आहे. आधीच्या बाईंनी हरकत नाही असं लिहून दिलं तर... बघू आपण."

आता 'बघू' या शब्दाची बिनतारीइतकी जाणकार त्या गावात दुसरी नव्हती. टक्कल पडायला लागलेली बाई विचारायची, "ताई, पुन्हा येतील का हो केस?" आणि ही म्हणायची, "बघू." कधी कुणाचे आले नाहीत. पण स्वतःच्या लेकीचा प्रश्न आला आणि 'बघू'ला तिने 'हो' समजून पदरात बांधून घेतलं.

रात्रीच्या जेवणाला तिने विषय काढला. नवरा भाकरी मोडता मोडता थांबला.

"लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये असताना दार उघडायचं नसतं," तो म्हणाला.

"म्हणजे काय?"

"मोसम संपू दे."

"तुझं आपलं लिफ्टचं! पोरगी कडेला बसून बसून मुरंबा व्हायची वेळ आली. आणि मी काय खरंच चाललेय का? मी नुसतं जाते म्हणणार. बाई काय वेड्या आहेत, अशी पोर हातची सोडायला? धरतील हात, म्हणतील थांबा, पुढच्या फेरीला चढवते. आपोआप काम होतंय."

"आई," बारकी म्हणाली, "थांबू या ना थोडं."

"का?"

बारकीने ताटातला घास एका बाजूने दुसऱ्या बाजूला नेला. "असंच."

"असंच म्हणजे? बाई काही बोलल्या का तुला?"

"नाही."

"मग?"

"काही नाही. थांबू या फक्त."

बिनतारीने नवऱ्याकडे पाहिलं. "बघितलंस? घाबरते. सवयच लावलीय तिला त्या बाईने कडेला बसायची." आणि बारकीच्या पाठीवरून हात फिरवला. "तू नको काळजी करू. मी आहे ना."

बारकीने बापाकडे पाहिलं. बाप म्हणाला, "हं." आता त्या 'हं'चा अर्थ कुणी काय लावायचा?

दुसऱ्या दिवशी बिनतारी चांगली साडी नेसून, बारकीला पुढे घालून, शेडच्या आत गेली. मज्जाव असताना गेली. बाई बीमशी बसलेल्या होत्या, वर कुणी एक पोर दोन्ही हात पसरून उभी होती.

"बाई, नवीन जिमचे सर हिला घ्यायला तयार आहेत. आम्ही जावं म्हणतोय."

बाईंनी बोट खाली केलं. वरची पोर खाली उतरून बाजूला झाली. बाईंनी बिनतारीकडे नाही, बारकीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तुला जायचंय?"

बारकीच्या खांद्यावर आईचा हात होता. आईची बोटं कात्री धरून धरून लोखंडासारखी झालेली.

"आई म्हणेल तसं," बारकी म्हणाली.

बाईंनी खुर्चीमागच्या पिशवीतून कागद काढला, मांडीवर ठेवला, आणि पडत्या फळाची आज्ञा मिळावी तसं दोन ओळी लिहून सही केली. कागदावर पांढऱ्या बोटांचे ठसे उठले.

"उजवा घोटा गरम केल्याशिवाय उडी मारू देऊ नका तिला," एवढंच त्या म्हणाल्या, आणि बोट पुन्हा बीमकडे गेलं.

झालं. बिनतारी तिथेच उभी. जाते म्हटल्यावर एवढं निमूट जाऊ देणारं माणूस तिने जन्मात पाहिलं नव्हतं. डोकं चोळणं राहू दे, बस सुद्धा म्हणाली नाही बाई! 'अहो, मी नुसतं म्हणत होते' हे शब्द पार जिभेच्या टोकावर आले. पण ताठा आडवा आला, आणि एरवी काही म्हणता काही न थांबणारी ती जीभ नेमकी त्या दिवशी थांबली. बाहेर पडल्यावर तिने कागदाची घडी केली आणि म्हणाली, "बघ, किंमतच नव्हती तुझी तिथे." लेकीला असं म्हणू नये. पण तिला स्वतःला लागलं होतं, आणि हाताशी दुसरं कुणी नव्हतं.

नव्या जिममध्ये बारकी स्पंजच्या खड्ड्यात उड्या मारू लागली. तिसरी फेरी आली तेव्हा सर म्हणाले, "मी विचारलं वर, पण नियम म्हणजे नियम. कागद असला तरी मोसम बसूनच काढावा लागेल. पुढच्या वर्षी बघू." बारकीला आता जाकीटही नव्हतं. राखीव पोर निदान संघाच्या बाकावर बसते. ही गॅलरीत आईशेजारी बसली, मऊ खुर्चीत, आणि आईने कॉफी आणून दिली तर तिने प्यायली नाही.

आणि मग एक दिवस दातांची डॉक्टरीण पार्लरमध्ये आली. कवळीचं प्रकरण झाल्यापासून तिने पाऊल टाकलं नव्हतं. आली, खुर्चीत बसली, म्हणाली, "मुळं रंगव. तुझ्याशिवाय कुणाला जमत नाही, मेली कितीही वाईट असलीस तरी."

बिनतारीला बरं वाटलं. तिने वाटीत रंग कालवला, भांग पाडला, ब्रश लावायला सुरुवात केली.

"तुझे उपकार झाले हो माझ्यावर," डॉक्टरीण आरशातून म्हणाली.

"माझे? कसले?"

"तू पोरीला हलवलंस म्हणून माझी टिकली. तिसऱ्या फेरीपासून बाई माझीला बसवून तुझीला चढवणार होत्या. माझीची उंची एकदम वाढली ना, बीमवर तोल जायला लागला. परवा बाईंनी मला सरळ सांगितलं. म्हणाल्या, ठरलं होतं तसं, आता ती गेली, तर तुमचीच चालवून घेते." डॉक्टरणीने आरशात बघून मान तिरकी केली. "अगं, कानावर सांडतेयस रंग."

तो रंग कानावरून मानेवर उतरेपर्यंत बिनतारीला पत्ता नव्हता.

दुपारी तिने पार्लर बंद केलं. गिऱ्हाईक पायरीवर उभं असताना बंद केलं, असं त्याआधी कधी घडलं नव्हतं. शेडमध्ये पोरी अजून आल्या नव्हत्या. बाई एकट्याच एका गादीला चिकटपट्टी लावत होत्या, खाली बसता येत नाही म्हणून गादीच टेबलावर घेऊन.

"तुम्ही मला का नाही सांगितलंत?" बिनतारी दारातूनच ओरडली. "मी आले होते ना? समोर उभी होते! एक शब्द बोलला असतात तर मी गेले असते का?"

"पोरीला सांगितलं होतं मी."

"काय?"

"दुसऱ्या फेरीनंतर लगेच. म्हटलं, तिसऱ्याला तू. पण घरी बोलू नकोस इतक्यात. दुसऱ्या पोरीला मला नीट समजावून सांगायचं होतं, आणि ते तिला माझ्याकडून कळायला हवं होतं. पार्लरमधून नाही." बाईंनी दातांनी पट्टी तोडली. दात त्यांचे स्वतःचे होते. "तुम्ही आलात तेव्हा मला वाटलं, सांगितलंय हिने घरी. सांगू नको म्हटलं तरी पोरी आईला सांगतातच. म्हटलं, एवढं कळूनही निघाल्या, म्हणजे जायचंच आहे. विचारलंसुद्धा मी तिला, तुमच्यासमोर."

"मी नुसतं म्हणत होते हो, बाई..."

"जिचं मन दाराकडे, तिचा पाय बीमवर राहत नाही. मी कुणाला धरत नाही."

"परत घ्या तिला. मी पाया पडते."

"मोसमात दोनदा बदलता येत नाही. आणि नंतरचं नंतर. तेव्हाही तिलाच विचारीन, पण तुम्ही बाहेर उभ्या राहायचं."

बिनतारी घरी आली तेव्हा बारकी शाळेतून येऊन टेबलाशी बसली होती. पेन्सिलीला टोक काढत होती. आईने चपलाही काढल्या नाहीत.

"बाईंनी तुला सांगितलं होतं?"

बारकीचा हात थांबला. "हो."

"आणि मी तुला ओढत घेऊन गेले, तरी तू तोंड उघडलं नाहीस?"

"थांबू या म्हटलं मी."

"थांबू या म्हणजे काय! कारण सांगायचं ना! मी काय परकी आहे?"

"बाईंना शब्द दिला होता, कुणाला सांगणार नाही म्हणून."

"कुणाला म्हणजे लोकांना, राणी! आईला नाही! निदान मला तरी..."

बारकीने पेन्सिलीचं टोक बोटावर टेकवून पाहिलं. आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. बसचं वेळापत्रक सांगावं तशी ती म्हणाली,

"तुलाच तर सांगायचं नव्हतं."

बिनतारी खाली बसली. आयुष्यात पहिल्यांदा ते घर तिच्यामुळे गप्प होतं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "बाबांना सांगितलंस?"

"हो."

"कधी?"

"त्याच दिवशी."

'हं'चा अर्थ तो असा. संध्याकाळी नवरा आला तेव्हा ती त्याच्यावर तुटून पडली. तो ऐकत उभा राहिला. शेवटी म्हणाला, "पोरीने शब्द घेतला होता माझ्याकडून. थांब म्हटलं की तुला. दोघांनीही म्हटलं." त्याच्या आयुष्यातलं हे बहुधा सर्वांत लांब भाषण असेल.

त्या रात्री बिनतारीने मनाशी निश्चय केला. हे एवढं कुणाला सांगायचं नाही. हे आपलं आपल्यापाशी. एक तरी गोष्ट पोटात ठेवून दाखवायची.

सकाळी पहिली आली ती शाळेतली निवृत्त ग्रंथपालीण, आठवड्याला केस धुऊन घेणारी. "काय गं, आज एवढी गप्प? बरं नाही का?"

"काही नाही," बिनतारी म्हणाली.

पाणी सोडलं. साबण लावला. फेस झाला. फेस धुऊन होईपर्यंत तिने तग धरला, हे तिच्या बाजूने नमूद केलं पाहिजे. मग गलबलून आलं. टॉवेल गुंडाळता गुंडाळता तिने सगळं सांगितलं, बाईंच्या चिकटपट्टीपासून पेन्सिलीच्या टोकापर्यंत, एकही शब्द न गाळता, आणि पोरगी जे शेवटचं बोलली ते दोनदा. ग्रंथपालिणीने डोळे पुसले. तिथून ते औषधांच्या दुकानात गेलं. एरवी इतक्या गावांत इतक्या पोरी जिम बदलतात, हीच गोष्ट तेवढी आपल्यापर्यंत यायचं दुसरं काय कारण?

तिसऱ्या दिवशी नव्या जिममध्ये सरांनी खड्ड्याच्या काठावरून हाक मारली, सगळ्या पोरींच्या देखत, हसत हसत, "काय गं, तिकडे तर तुला चढवणारच होते म्हणे! आणि बाबांना ठाऊक, आईला पत्ता नाही? भारीच की!"

पोरी हसल्या. बारकी स्पंजच्या ठोकळ्यांतून हळूहळू बाहेर आली, पुन्हा रांगेत उभी राहिली आणि तिची पाळी आल्यावर उडी मारली.

घरी आल्यावर तिने हात धुतले. आईने वाढता वाढता विचारलं, "आज काय काय झालं गं जिममध्ये?"

"नेहमीचंच," बारकी म्हणाली, आणि ताट उचलून बापाशेजारी सोफ्यावर जाऊन बसली.